स्थूलतेवरील शस्त्रक्रिया आणि व्यायाम : आधी व नंतर

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव उच्चारताना सभागृहात थोडी चुळबूळ होणार, हे मी गृहीत धरले आहे. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू हे विषय आपण चारचौघांत मोकळेपणाने बोलतो. परंतु वजन उतरविण्यासाठी पोटावर करावयाची शस्त्रक्रिया म्हटली की आवाज आपोआप खाली येतो. आपल्या ज्ञातीतील काही घरांत अशा शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. ‘पित्ताशयाचे ऑपरेशन होते’ असे शेजारी सांगावयाचे आणि विषय मिटवावयाचा, हा रिवाज पडून गेला आहे. भौतिकोपचाराच्या व्यवसायात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी चालावयास लावणे आणि नंतर पुनः चालते ठेवणे हे माझे नित्याचे काम असल्यामुळे, ह्या गुप्ततेची किंमत कोण मोजते हे मला जवळून पाहावयास मिळते.

प्रथम ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. पोटातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागे, त्यांचे वजन वाढत नाही, हे शल्यचिकित्सकांच्या ध्यानात आले होते. त्यावरून १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन व डॉ. चिकाशी इटो यांनी स्थूल रुग्णांसाठी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली. हल्ली हे काम बहुधा दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होते. मुख्यतः दोन प्रकार प्रचारात आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराची अगदी लहान पिशवी करून ती थेट आतड्यास पुढे जोडतात. दोहोंमुळे थोडक्यात पोट भरते, भुकेची संवेदना पालटते आणि मधुमेहावरही चांगला परिणाम होतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतर स्थूल व्यक्तींपेक्षा कमी होते. तेव्हा ‘आळशी माणसाची पळवाट’ असे जे हिणवून बोलले जाते ते सर्वस्वी अन्यायाचे आहे, हे मी आरंभीच स्पष्ट करते.

ही कोणी करावी, याचे काही मोजमाप आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो तो पाहतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारसींनुसार तो ३५ किंवा अधिक असल्यास शस्त्रक्रिया सुचवावी, आणि ३० ते ३५ च्या दरम्यान असून मधुमेहासारखी व्याधी असल्यास विचार व्हावा. आशियाई लोकांसाठी मात्र २७.५ पासूनच तसा विचार करता येतो. आपल्याला निराळे माप का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा हा आकडा सारखाच, २२.३. परंतु युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपल्याकडील सडपातळ दिसणाऱ्या माणसातही मेद अधिक व स्नायू कमी असतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी. कारण ज्याच्या गाठीशी स्नायूंचे भांडवल मुळातच थोडे, त्याला ते गमावणे परवडत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. मजकडे येणारे बहुतेक रुग्ण म्हणतात, “आधी वजन उतरू द्या, मग व्यायाम करतो. ह्या देहाने काय व्यायाम होणार?” हे म्हणणे वरकरणी समंजस वाटते, प्रत्यक्षात ते उलट आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा व्यायाम वजन उतरविण्यासाठी नसतोच. तो असतो भूल सोसण्यासाठी, फुप्फुसांचे तळचे भाग उघडे राहावेत म्हणून, आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेनंतर लगेच उठून चालता यावे ह्यासाठी. ज्याला दाराशी जाऊन येण्याची सवय नाही, तो टाके असलेल्या पोटाने एकाएकी कोठून चालणार?

शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या गृहस्थाला ‘रोज तासभर चाला’ असे सांगणे हे सल्ला न देण्यासारखेच आहे. मी पाच मिनिटांपासून आरंभ करावयास सांगते. सकाळी पाच, दुपारी पाच, सायंकाळी पाच. दर आठवड्याला थोडी वाढ. गुडघे फार दुखत असतील तर तरणतलावाच्या उथळ भागात पाण्यातून चालावे, शरीराचा भार पाणी उचलते. तेही नसेल तर खुर्चीवर बसून हातपायांच्या हालचाली कराव्यात. मात्र एक व्यायाम मी कोणालाही सोडू देत नाही : हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे. आरंभी उंच खुर्ची घ्यावी, मांड्यांना बळ आले की बुटकी. आपल्या आजोबांच्या पिढीने तालमीत बैठका काढल्या. ही तिचीच सौम्य बहीण समजा. जोडीला दीर्घ श्वसन. रुग्णालयात प्लास्टिकच्या नळीतून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलावयाचे जे यंत्र देतात, ते शस्त्रक्रियेच्या दिवशी प्रथम हाती घेण्यापेक्षा दोन-तीन आठवडे आधीच हाताळावे. (एका रुग्णालयातून सगळ्या सूचना केवळ इंग्रजीत छापून दिल्या जात, एका आजींनी ते यंत्र नातवाचे खेळणे समजून त्यालाच देऊन टाकले होते. त्यांना दोष कसा द्यावा?)

शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परिचारिका उठवून चालावयास लावते. त्या वेळी नातेवाईकांनी “अहो, आजच टाके पडलेत, झोपू द्या” म्हणून मध्ये पडू नये. पहिले काही आठवडे चालणे हाच व्यायाम, तोही थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. सुमारे चार ते सहा आठवडे जड वजन उचलावयाचे नाही : पाण्याची कळशी नाही, गॅसची टाकी नाही, आणि धावत येऊन गळ्यात पडणारा नातूही नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार महाराष्ट्रभर केला, आणि मलाही त्याचे मोठे प्रेम आहे; परंतु त्यात पोटावर दाब व ताण दोन्ही येतात, म्हणून शल्यचिकित्सकांनी अनुज्ञा दिल्यावाचून तो सुरू करू नये. पोहणेही जखमा पूर्ण भरल्यावरच.

पाण्याविषयी विशेष सांगावयाचे आहे. लहान झालेल्या जठरात तांब्याभर पाणी एकदम मावत नाही. त्यामुळे फिरून आल्यावर घटाघट पाणी पिण्याची आपली सवय येथे चालत नाही; दिवसभर घोट घोट घेत राहावे लागते, आणि जेवणाबरोबर नव्हे. उन्हाळ्यात हे विसरल्यास चक्कर येते, आणि दोष बिचाऱ्या चालण्याला लागतो. तसेच वजन उतरू लागले की मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या जुन्या मात्रा जास्त पडू लागतात. व्यायाम करताना घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर तो अशक्तपणा समजून दडपू नये. थांबावे, साखर व रक्तदाब तपासून घ्यावा आणि वैद्यांना कळवून मात्रा ठरवून घ्याव्यात.

आता ज्या भागासाठी मी हा विषय निवडला तेथे येते. पहिल्या वर्षात वजन जणू आपोआप उतरत असते. कपडे ढिले होतात, भेटेल तो कौतुक करतो, आरशापुढे उभे राहावेसे वाटते. अशा वेळी व्यायामाची गरजच वाटत नाही; चालला नाहीत तरी काटा खालीच जातो! अमेरिकेत शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर रुग्णांच्या अंगावर पावले मोजण्याचे यंत्र लावून पाहणी केली गेली. शस्त्रक्रियेपूर्वी रोजची पावले मध्यमानाने सुमारे साडेसात हजार होती, ती वर्षानंतर सुमारे पावणेनऊ हजार झाली. वाढ झाली खरी, पण बेताची. आणि जवळजवळ एक-चतुर्थांश लोक तर पूर्वीपेक्षाही कमी हालचाल करू लागले होते. दुसऱ्या एका लहान अभ्यासात अधिकच मौज दिसली. रुग्णांनी आपण होऊन सांगितलेला व्यायाम शस्त्रक्रियेनंतर कितीतरी पटींनी वाढला होता, परंतु यंत्राच्या नोंदीत त्या वाढीचा मागमूस नव्हता. ही माणसे खोटे बोलत नव्हती. अंग हलके झाले की मनुष्याला आपण फार चालतो असे प्रामाणिकपणे वाटू लागते. म्हणून मी तोंडी हिशेब मानीत नाही; वही ठेवा, नाहीतर खिशातल्या फोनला पावले मोजू द्या.

हे इतके आग्रहाने का सांगते? उतरलेले सगळे वजन मेदाचे नसते. त्यात स्नायूंचाही भाग असतो, आणि तो लहान नसतो. स्नायू घटले की विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणारी ऊर्जाही घटते. त्यातच हलक्या देहाला तेच अंतर चालण्यास पूर्वीपेक्षा कमी श्रम पडतात. असे दोन्हीकडून खर्च कमी होत जातो आणि साधारण दुसऱ्या वर्षापासून, भूक पुनः डोके वर काढू लागते तेव्हा, वजन हळूहळू परतू लागते. हाडेही ठिसूळ होण्याकडे झुकतात. म्हणून केवळ चालणे पुरे नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना भार मिळाला पाहिजे : भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीची उठबस, रबरी पट्टा ओढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. चालण्याचे माप सामान्य प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे असे दिले आहे. उतरलेले वजन टिकवावयाचे असेल तर त्या वरच्या आकड्याकडे दृष्टी ठेवावी. आणि स्नायू केवळ श्रमाने बनत नाहीत, त्यांना प्रथिने लागतात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने सांगतात. वरणाच्या पाण्यावर ती भरत नाहीत. पनीर, दही, डाळी, उसळी, खात असल्यास अंडी व मासे, आणि गरज पडेल तेथे वैद्यांनी दिलेली भुकटी. ब-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या तर जन्मभराच्या सोबती आहेत. हल्ली वजनासाठी आठवड्याची इंजेक्शने घेणाऱ्यांनाही स्नायूंची ही गोष्ट लागू पडते.

भगिनींकडून मला हमखास उत्तर मिळते, “दिवसभर घरात राबतो, तो व्यायामच नव्हे का?” राबणे खरे, त्याचा मान मोठा, पण ओट्यापाशी तीन तास उभे राहिल्याने श्वास भरभर चालत नाही, पायांना सूज मात्र येते. खरी अडचण निराळी आहे. सकाळी साडेसहा वाजता घरातील सून पायांत बूट घालून बाहेर पडली, तर डबे कोणी भरावयाचे? हा प्रश्न वैद्यकाचा नाही, आपल्या घरांचा आहे. माझ्या पाहण्यातील ज्या बाई सहा वर्षांनंतरही वजन सांभाळून आहेत, त्यांच्या सासूबाईंनी सकाळचा पाऊण तास स्वयंपाकघर आपल्याकडे घेतले आहे. ह्यापलीकडे कोणतेही रहस्य त्या घरात नाही.

ह्याच ओघात एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. ‘मुलीचे स्थळ जमत नाही, तेव्हा एवढे उरकून टाकू’ असे म्हणून काही पालक कन्येला घेऊन येतात. वर सांगितलेल्या मापात ती बसत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचारही करू नये. बसत असेल, तर ती तिच्या आरोग्यासाठी व तिच्या संमतीने व्हावी, आणि वराकडील मंडळींना आधी स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास काय होते ते पाहा. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो, आणि इकडे तिसऱ्या महिन्यापासून ‘गोड बातमी’ची चौकशी सुरू होते. पंगतीत आग्रहाने जिलब्या वाढल्या जातात. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर असे गोड एकदम आतड्यात उतरले की छातीत धडधड, घाम, जुलाब होतात, आणि नव्या घरात ‘मुलगी आजारी दिली’ अशी कुजबूज होते. गोळ्या कपाटात लपवून घ्यावयाच्या, फिरावयास जाण्याचे कारण सांगता येत नाही म्हणून फिरणेच सोडावयाचे! एवढा खटाटोप करून मिळविलेले आरोग्य दोन वर्षांत एका लपवाछपवीपायी घालविलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचक शाखेत काम करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ह्यात पुढाकार घ्यावा, असे माझे नम्र मागणे आहे. त्यांचा शब्द दोन्ही घरी चालतो.

आणखी एक मागणे कार्यकारी मंडळाकडे. हे सभागृह लग्नसराई सोडली तर सकाळी बंदच असते. सहा ते आठ ह्या वेळात ते उघडे ठेवले, तर पावसाळ्यातही ज्येष्ठांना व अशा रुग्णांना सपाट, कोरड्या जमिनीवर चालता येईल. भिंतीशी बिनहाताच्या भक्कम अशा दहा-बारा खुर्च्या ठेवाव्यात, दोन उंच व बाकीच्या नेहमीच्या. आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः येऊन व्यायाम दाखवीन, कोणाला काय झाले आहे हे विचारणार नाही आणि सांगितल्यास बाहेर बोलणार नाही. किल्ली कोणाकडे राहावयाची आणि दिव्याचे बिल कोणत्या खाती टाकावयाचे, एवढे चिटणीसांनी ठरवावे. येत्या सोमवारपासून आरंभ करण्यास माझी तयारी आहे.