उताऱ्यावरचा शेरा आणि कर्करोग

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कर्करोगावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीससाहेबांची सूचना होती. चार शब्दांत मावेल एवढा हा विषय लहान नाही, म्हणून मी त्याचा एकच कोपरा निवडला आहे : कर्करोगाच्या पेशीत आर.एन.ए. नावाच्या रेणूवर ज्या बारीकसारीक रासायनिक खुणा असतात, त्या. विषय कॉलेजातल्या मुलांचा वाटेल, पण त्याचा एक धागा थेट आपल्या घरात येतो. एखाद्या घरी कर्करोग निघाला की पहिली धडपड असते ती तो लपविण्याची. "घराण्यातच आहे" असा बोभाटा झाला तर मुलींची स्थळे फिरतील, ही भीती. रोग जन्मतःच लिहून ठेवलेला असतो, अशी यामागची समजूत आहे. ती कितपत खरी हे पाहायचे तर आधी पेशीतले लिहिणे-वाचणे समजून घेतले पाहिजे.

तलाठ्याच्या दप्तराची कल्पना करा. मूळ दप्तर कोणी घरी नेत नाही. कामासाठी त्याचा उतारा मिळतो. पेशीत डी.एन.ए. हे मूळ दप्तर. ते केंद्रकात राहते. त्यातल्या हव्या त्या भागाचा जो उतारा बाहेर जातो तो आर.एन.ए., आणि त्या उताऱ्याबरहुकूम पेशीत प्रथिने तयार होतात. हा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. त्याची भाषा उलगडणाऱ्यांत डॉ. हरगोविंद खोराना होते. १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना नीरेनबर्ग व हॉली यांच्यासमवेत मिळाले. खोरानांचे वडील मुलतानकडच्या रायपूर या खेड्यात पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठीच होते, आणि शंभरेक वस्तीच्या त्या गावात लिहिता-वाचता येणारे घर जवळजवळ तेवढे एकच. हे येथे बसलेल्या मुलांनी ध्यानात ठेवावे, म्हणून सांगितले.

आता, कचेरीत काम पडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कागदावरचा मजकूर एक आणि कागदाचे नशीब दुसरे. नशीब ठरते ते समासातल्या शेऱ्यावर. "तातडीचे" असा शेरा पडला की कागद पळतो, "दप्तरी दाखल" असा पडला की संपला. मजकुराचा कानामात्रा बदललेला नसतो. आर.एन.ए.वरही असेच शेरे असतात. आजवर दीडशेहून अधिक प्रकारच्या रासायनिक खुणा सापडल्या आहेत. त्यांतली पहिली १९५१ साली. संदेश नेणाऱ्या आर.एन.ए.वरची सर्वांत जास्त आढळणारी अंतर्गत खूण म्हणजे एम-सिक्स-ए. ॲडेनीन या अक्षराच्या सहाव्या जागी एक मेथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटलेला असतो. एवढेच. हजारो अक्षरांच्या एका उताऱ्यावर अशा खुणा सरासरी तीन ते पाच.

ही खूण प्रथम दिसली तीच मुळी कर्करोगाच्या पेशीत. १९७४ साली मिशिगन स्टेट विद्यापीठात फ्रिट्झ रॉटमन व त्यांचे सहकारी उंदराच्या यकृतातील गाठीच्या पेशी तपासत होते. त्यांत त्यांना ती सापडली, नोंद झाली, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तिचा अर्थ कोणाला लागला नाही. कारण साधे आहे. ही खूण अक्षराची जोडी बदलत नाही, त्यामुळे आर.एन.ए.ची प्रत काढून वाचण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती दिसतच नाही. रॉटमन यांनी मात्र विषय सोडला नाही. खूण घालणाऱ्या विकराचे, मेट्टल-३ चे, जनुक १९९७ साली त्यांच्याच गटाने हाती आणले. २०११ साली शिकागोच्या चुआन हे यांच्या गटाने दाखविले की एफ.टी.ओ. नावाचे दुसरे विकर ही खूण पुसूनही टाकते. पुढच्याच वर्षी इस्राएल आणि न्यूयॉर्क येथील दोन गटांनी या खुणा कोठे कोठे आहेत त्याचा नकाशा काढला. शेरा लिहिणारा कारकून सापडला, खोडणारा सापडला. वाचून अंमल करणारेही सापडले. त्यांपैकी एक खूण दिसताच उतारा नष्ट करण्यास पाठवितो, दुसरे काही त्याच उताऱ्यावरून अधिक प्रथिन बनवायला लावतात.

याचा कर्करोगाशी संबंध कसा, ते रक्ताच्या एका तीव्र कर्करोगात नीट दिसले. या रोगात रक्तपेशी पक्व न होता नुसत्या वाढत सुटतात. २०१७ साली केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी दाखविले की अशा पेशींत मेट्टल-३ चे प्रमाण वाढलेले असते आणि वाढीस चिथावणी देणाऱ्या प्रथिनांच्या उताऱ्यांवर "तातडीचे" असा शेरा पडत राहतो. हे विकर कमी केले तेव्हा पेशी पक्व होऊ लागल्या, मरू लागल्या.

येथे गोष्ट संपली असती तर किती सोपे होते! पण त्याच वर्षी असेही आढळले की याच रोगाच्या काही प्रकारांत खोडणारा कारकून, म्हणजे एफ.टी.ओ., माजलेला असतो आणि तोही रोगाला हातभार लावतो. मेंदूच्या एका गाठीत तर मेट्टल-३ कमी केल्यावर वाढ जोराने झाली. २०१८ च्या एका अभ्यासात गर्भाशयाच्या अस्तराच्या सुमारे सत्तर टक्के गाठींत या खुणा कमी झालेल्या आढळल्या. म्हणजे खूण वाईट की चांगली, हा प्रश्नच चुकीचा. कोणत्या उताऱ्यावर कोणता शेरा पडला आणि तो कोणाच्या हाती गेला, हे पाहावे लागते. कर्करोगाचे एकच मूळ आणि एकच औषध सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही तो यामुळेच.

तरीही आशेला जागा आहे. दप्तरातला मूळ मजकूर दुरुस्त करणे अवघड, पण कारकुनाचा हात धरता येतो. मेट्टल-३ ला अडविणाऱ्या एका द्रव्याने रक्ताच्या कर्करोगाचे उंदीर अधिक जगले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच जातीच्या औषधाची माणसांवरील चाचणी २०२२ साली सुरू झाली. चाचणी म्हणजे उपचार नव्हे, हे पालकांनी कृपया लक्षात घ्यावे. कोणी "आर.एन.ए.चे नवे औषध" म्हणून पैसे मागू लागला, तर ती चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदली आहे काय, एवढे विचारा. या खुणांचे ज्ञान औषधात उतरते, हे खोटे नाही. कॅटालिन कॅरिको व ड्रू वाइसमन यांनी २००५ साली आर.एन.ए.चे एक अक्षर असेच बदलून पाहिले. त्यावर पुढे कोविडच्या काही लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले. (आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड त्या जातीची नव्हती.)

आता घराण्याविषयी. थेट आईबापांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होणारे कर्करोग शंभरात साधारण पाच ते दहा. अशा घरांतील मंडळींनी तपासणी करून घ्यावी. लपविल्याने त्यांचेच नुकसान होते. बाकीच्यांत बिघाड होतो तो जन्मानंतर, शरीरातल्या कोठल्या तरी पेशीत : कधी मूळ दप्तरात, कधी उताऱ्यावरच्या शेऱ्यांत, बहुधा दोन्हीकडे. तो मुलाबाळांकडे जात नाही. तोंडाच्या कर्करोगाचे म्हणाल, तर तंबाखू आणि सुपारी हे दोषी केव्हाच ठरलेले आहेत. त्यासाठी मेट्टल-३ ची वाट पाहायला नको. तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारच्या घरी हा रोग निघाला, तर त्या घरच्या मुलीचे स्थळ आले असता हे आठवा.

बारावीच्या मुलांनी रसायनशास्त्राच्या पुस्तकात मेथिल गट कोठे आहे तो आज घरी गेल्यावर काढून पाहावा. प्रश्न असतील तर मी बाहेर व्हरांड्यात थांबलो आहे.