ताऱ्याचा पाठलाग

मृग नक्षत्रांतील तेजोमेघाचे फिकट पदर अंगणांतल्या दुर्बिणीनें टिपावयाचे, तर तारे कित्येक मिनिटें एकाच जागीं धरून ठेवावे लागतात. पृथ्वी मात्र २३ तास ५६ मिनिटें ४ सेकंदांत स्वतःभोंवतीं फिरते. म्हणजे आकाश सेकंदास १५ विकला सरकतें. बैठकीचें यंत्र तितक्याच गतीनें उलट फिरलें, तरी तिचा अक्ष खगोलाच्या ध्रुवाकडे रोखलेला नसेल, तर ताऱ्याच्या टिंबाची रेघ होते.

नुसत्या ध्रुवताऱ्यावर भिस्त ठेवून भागत नाहीं. तो खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर आहे. शिवाय पुण्यास ध्रुवाची उंची जेमतेम साडेअठरा अंश, तेव्हां शेजारची माडी आड आली कीं संपलें! अशा वेळीं याम्योत्तरावरचा, विषुववृत्ताजवळील तारा रेषांच्या छेदावर धरून स्वस्थ पाहात बसावें. तो दक्षिणेस घसरला, तर अक्ष पूर्वेकडे कललेला आहे. उत्तरेस गेला, तर पश्चिमेकडे. नंतर पूर्वेस उगवलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेस घसरला तर अक्ष खालीं, उत्तरेस गेला तर वर. या कामास घटका-दोन घटका सहज लागतात.

राहिलें मळसूत्र. १८० दांत्यांचें चक्र फिरविणाऱ्या मळसूत्राचा एक फेरा सुमारें ८ मिनिटांचा. त्याच्या घडणींतली बारीक खोट दर फेऱ्यास परत येते आणि तारा पूर्व-पश्चिम डुलतो. खोट नियमित आहे हें आपलें भाग्यच. ती एकदां मोजून यंत्राकडूनच सुधारून घेतां येते. मात्र तोल साधतांना पूर्वेची बाजू किंचित् जड ठेवावी, म्हणजे दांते एकमेकांस टेकून राहतात.