वाचकाची शंका आणि ग्रंथाची साक्ष



वाङ्मयाविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे ग्रंथकाराचे गुण, त्याचा काळ आणि त्याची शैली यांचा परामर्श घेण्याचा प्रघात आहे. परंतु आज मी बोलणार आहे ते वाचता वाचता एखाद्या ओळीपाशी ज्याची गती अकस्मात कुंठित होते, त्या वाचकाविषयी. हा संकेत कोणत्या ग्रंथाकडे जातो, ही कल्पना कवीची स्वतःची की परंपरेने त्याच्या हाती दिलेली, असे प्रश्न त्याच्या मनात उभे राहतात आणि बहुधा तेथेच विरून जातात. कारण शंका विचारणे हे अज्ञानाचे लक्षण होय अशी त्याची समजूत करून दिलेली असते, किंवा तळटीपेत जे उत्तर छापलेले असेल तोच अखेरचा निवाडा असे मानून तो निमूटपणे पान उलटतो. माझे प्रतिपाद्य असे, की प्रामाणिक शंका हेच वाङ्मयाभ्यासाचे मूळ भांडवल आहे, आणि तिचा उलगडा करताना पाठ, आधार व प्रयोजन या तिन्हींची चौकशी याच क्रमाने झाली पाहिजे.

उदाहरण मी आपल्या सर्वांच्या घरातले घेतो. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे रूपक आहे, त्यात समग्र वाङ्मय हीच त्या देवतेची मूर्ती कल्पिली आहे. स्मृती हे तिचे अवयव, अठरा पुराणे हे अलंकार आणि सहा दर्शने या तिच्या सहा भुजा. पुढे त्या भुजांतील आयुधे येतात : तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश आणि वेदान्त हा रसाळ मोदक, एक हात वर देणारा, तो सत्कारवादाचा, एक अभय देणारा, तो धर्मप्रतिष्ठेचा, आणि उरलेल्या हातात गणेशाचा मोडका दात. हा दात म्हणजे बौद्धमत, आणि त्याचा संबंध कवीने वार्तिकांशी, म्हणजे सूत्रभाष्यांवरील चिकित्सक टीकाग्रंथांशी, जोडला आहे. येथे चिकित्सक वाचक थांबतो. हा हात सहांपैकी कोणत्या दर्शनाचा? आणि ही वार्तिके कोणाची?

प्रथम पाठ. छापील प्रतींत सामान्यतः 'सत्कार' असा शब्द आढळतो. परंतु कार्य हे उत्पत्तीपूर्वीही कारणात विद्यमान असते, हा सांख्यांचा सिद्धान्त 'सत्कार्यवाद' या नावाने प्रसिद्ध असल्यामुळे टीकाकार येथे तोच अर्थ घेतात, आणि प्रकरण पाहता तो योग्यच आहे. एका जोडाक्षरावर एका भुजेची ओळख अवलंबून राहावी, यावरून पाठाची चौकशी आधी का करावयाची हे ध्यानात येईल. एकनाथांना ही गोष्ट पूर्ण अवगत होती. ग्रंथरचनेनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, अनेक पाठभेदांनी मलिन झालेल्या या ग्रंथाचे त्यांनी शुद्धीकरण केले आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये अशी सक्त ताकीद देऊन ठेवली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 1909 साली एकनाथपूर्व मानून जी प्रत प्रसिद्ध केली, तिच्यातील भाषारूपे प्रचलित प्रतींहून किती भिन्न आहेत, हे जिज्ञासूंनी स्वतः ताडून पाहावे. अर्थ लावण्यास बसण्यापूर्वी आपल्या पुढ्यातील अक्षरे अस्सल आहेत की नकलेच्या ओघात बदललेली आहेत, एवढे पाहण्याचे कर्तव्य कोणत्याही वाचकास टाळता येत नाही.

आता आधार. तर्क म्हणजे न्याय, अंकुश वैशेषिकांचा अशी रूढ समजूत, वेदान्ताचा उल्लेख स्पष्टच, सत्कार्यवाद सांख्यांचा, आणि धर्मजिज्ञासेने ज्या शास्त्राचा आरंभ होतो त्या पूर्वमीमांसेकडे धर्मप्रतिष्ठा. असा हिशेब केला म्हणजे शिल्लक राहते ते पातंजल योगदर्शन, आणि मोडका दात त्याच्याच हाती जातो. या निष्कर्षास अंतर्गत पुरावाही आहे, कारण योगसूत्रांच्या चौथ्या पादात, आणि त्यावरील व्यासभाष्यात तर अधिक उघडपणे, बाह्य वस्तूस केवळ चित्ताची निर्मिती मानणाऱ्या मताचा प्रतिवाद केलेला आहे. परंतु मग वार्तिके कोणाची? योगभाष्यावर 'योगवार्तिक' नावाचा ग्रंथ आहे खरा, पण त्याचा कर्ता विज्ञानभिक्षू सोळाव्या शतकातला. तेराव्या शतकातील कवीच्या संकेताला त्याची साक्ष चालणार नाही. दुसरीकडे, बौद्ध आचार्य दिङ्नागाच्या आक्षेपांपासून न्यायशास्त्राचे रक्षण करण्यासाठी उद्द्योतकराने लिहिलेले न्यायवार्तिक आहे. सातव्या शतकातील कुमारिलभट्टाची श्लोकवार्तिक आणि तंत्रवार्तिक आहेत, आणि बौद्धांचा प्रतिपक्षी म्हणून कुमारिलाची ख्याती तर सर्वतोमुखी आहे. अद्वैतसंप्रदायात 'वार्तिककार' ही पदवी ज्यास लाभली तो सुरेश्वराचार्यही आहे. इतकेच नव्हे, तर खुद्द बौद्धांच्या बाजूस धर्मकीर्तीचे प्रमाणवार्तिक उभे आहे.

अशा वेळी एका नावाचा दावा मंजूर करून बाकीच्यांचे दावे खारीज करण्याचा मोह होतो. कुमारिलाचे नाव घेतले, तर मीमांसेस दोन भुजा मिळतात आणि योगदर्शन निराधार होते. हिशेबावरच भर दिला, तर वार्तिकांचा संकेत लटकतो. माझ्या मते ही अडचण दोन प्रश्न एकत्र बांधल्यामुळे उत्पन्न झाली आहे. हात कोणाचा हा एक प्रश्न, आणि हातातील दात कोणी मोडला हा दुसरा. हात योगदर्शनाचा मानावा. दात मोडण्याचे श्रेय मात्र शतकानुशतके बौद्ध आचार्यांशी वाद करणाऱ्या समग्र वार्तिकवाङ्मयास द्यावे. कवीने वार्तिकांचा निर्देश अनेकवचनाने केला आहे आणि कोणाही एका आचार्याचे नाव घेतलेले नाही, ही गोष्ट या अर्थास पोषक आहे. याहून बळकट प्रमाण कोणी पुढे आणले, तर हे मत सोडण्यास मी सिद्ध आहे.

परंतु आधार सापडला म्हणजे अर्थ सापडला असे नव्हे, आणि म्हणूनच प्रयोजनाची चौकशी शेवटी करावयाची. कुमारिल वाचून किंवा व्यासभाष्य वाचून आपणांस खंडनाच्या युक्ती कळतील. पराभूत मानलेले मत देवतेच्या हातात का राहिले, हे तेथे कळणार नाही. ते केवळ या रूपकातच कळते. पुराणातील एकदन्ताची खूण कवीने दर्शनांच्या इतिहासास लावली, आणि ज्या मताशी शतकानुशतके वाद झाला त्यास मूर्तीबाहेर न टाकता तिच्या सहा हातांपैकी एका हातात धारण करविले. वादाने आपली विद्या घडली आणि प्रतिपक्षाची खूणही तिच्या अंगावर राहिली, हा आशय कोणत्याही वार्तिकातून उचललेला नाही. तो ज्ञानेश्वरांचा आहे.

हाच विवेक अन्यत्रही उपयोगी पडतो. सहाव्या अध्यायातील कुंडलिनीजागृतीचे विस्तृत वर्णन मूळ गीतेत नाही. ते कोठून आले या शंकेचा उलगडा अठराव्या अध्यायाच्या अखेरीस कवीने स्वमुखे सांगितलेल्या आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ या नाथयोग्यांच्या गुरुपरंपरेने होतो. उलटपक्षी, ग्रंथाच्या मौनावर किती भार घालावा याचे तारतम्य सुटले, तर काय होते तेही आपण पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लिहून, अभंगांत विठ्ठल पदोपदी येतो आणि ज्ञानेश्वरीत त्याचे नाव येत नाही इत्यादी कारणांवरून, दोन भिन्न ज्ञानदेव झाले असा पक्ष मांडला. प्रश्न रास्त होता, आणि त्यामुळे अभ्यासास चालना मिळाली, हे भारद्वाजांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु गीतेचे विवरण करणारा ग्रंथ आणि भक्ताचे आत्मनिवेदन यांची प्रयोजनेच भिन्न असल्यामुळे, एकात जे नाव येते ते दुसऱ्यात आले नाही एवढ्यावरून दोन कर्ते सिद्ध होत नाहीत.

श्रोतेहो, माझी आपणांस विनंती आहे, की शंका आली म्हणजे ती लिहून ठेवावी. ग्रंथाची प्रत कोणती, अध्याय व ओवी कितवी, आणि नेमके काय उमगत नाही, याचा तपशील तीत असावा. आपापल्या गावच्या ग्रंथालयात अशा शंकांसाठी एक वही ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि जो कोणी उत्तर लिहील त्याने आपला आधार स्थळासह नमूद करावा. जेथे आधार नसेल तेथे 'हे माझे अनुमान' असे स्पष्ट लिहावे. ज्या शंकेस आज उत्तर नाही, तिला ओढूनताणून उत्तर देण्यापेक्षा ती नीट शब्दांत मांडून पुढच्या वाचकाच्या स्वाधीन करणे हे विद्याव्रतीस अधिक शोभणारे कृत्य होय. संतांचे ग्रंथ नित्य पारायणात असणाऱ्या या महाराष्ट्रात वाचकांची वाण नाही. वाचताना थांबण्याचे आणि थांबल्यावर विचारण्याचे धैर्य मात्र आपण एकमेकांस दिले पाहिजे.