निबंध कोणाला पटवायचा आहे?



प्रस्तावना, मुद्दे, समारोप हा आराखडा तुम्ही शाळेपासून गिरवला आहे. मी बोलणार आहे मुद्द्यांच्या क्रमाबद्दल. तो क्रम वाचक ठरवतो.

तिहेरी तलाकचंच उदाहरण घेऊ. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. पाचपैकी तीन न्यायमूर्ती या बाजूचे होते, पण तिघांची वाट एक नव्हती. न्या. नरिमन आणि न्या. लळित संविधानाच्या कलम १४ वरून आले: समेटाचा प्रयत्नही न होता नवऱ्याच्या लहरीवर लग्न मोडतं, ही मनमानी आहे. न्या. कुरियन जोसेफ कुरआनवरून आले. सूरह निसाच्या ३५व्या आयतीत दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे. समेटाची संधीच न ठेवणारी पद्धत शरियतची कशी म्हणायची?

आता तुमचा निबंध घरातले चाचा वाचणार असतील, तर पहिल्याच परिच्छेदात कलम १४ आलं की ते कागद खाली ठेवतील. त्यांच्यासाठी आधी आयत, मग संविधान. कॉलेजातल्या परीक्षकांसाठी उलटं चालेल. पुरावे मात्र दोघांना तेच द्यायचे, हां!

विरोधी मुद्दा आपण बहुधा शेवटी एका ओळीत उडवून लावतो. सरन्यायाधीश खेहर आणि न्या. नझीर यांचं मत वेगळं होतं: व्यक्तिगत कायद्याला कलम २५चं संरक्षण आहे, न्यायालयाने तो रद्द करू नये, बदल करायचा तर संसदेने करावा. ही मांडणी दुसऱ्याच परिच्छेदात, पूर्ण ताकदीने लिहा. ती वाचकाच्या मनात असतेच. टाळलीत तर पुढचं तो कशाला ऐकेल? ‘ही मागणी बाहेरून लादलेली आहे’ असंही कोणी म्हणेल. तिथे १८ एप्रिल १९६६चा मोर्चा आठवा. हमीद दलवाईंनी मुंबईत काढलेल्या त्या मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. बरेच जण निबंधाची सुरुवातच या मोर्चाने करतात. या आक्षेपासमोर तो जास्त कामाला येतो.

आणखी एक गल्लत फार होते. ‘असा तलाक रद्द असावा’ हा एक दावा. ‘तो देणाऱ्याला कैद व्हावी’ हा दुसरा. २०१९च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पहिला दावा मानणारे अनेक जण विचारतात, नवरा आत गेला तर बायकोला पोटगी कोण देणार? मला हा प्रश्न रास्त वाटतो. दोन्ही दावे एकाच निबंधात कोंबले, तर तुमच्या बाजूचा वाचकही अर्ध्यावर तुटतो.

चला, कागद घ्या. शीर्षक नंतर. वरच्या कोपऱ्यात ज्याला पटवायचंय त्याचं नाव लिहा, आणि खाली त्याचा सर्वांत जड आक्षेप त्याच्याच शब्दांत. वीस मिनिटं आहेत.