घर, ओटा आणि रस्ता
(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



पुण्याच्या पेठांतील वाड्यांच्या जागी आज उंच इमारती उभ्या राहत आहेत. याबद्दल नुसती हळहळ व्यक्त करून भागणार नाही. भिंत खचेल या धास्तीने पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला पक्के घर हवे, ही मागणी न्याय्यच आहे. प्रश्न आहे तो नव्या घराचे रस्त्याशी नाते काय असावे, हा.

वाड्याची रचना आठवा. आत उजेड-वारा देणारा चौक. बाहेर रस्त्यालगत दिंडी दरवाजा आणि ओटा. येणाऱ्या-जाणाऱ्यावर घराची सहज नजर असे. नव्या इमारतीचा तळमजला बहुधा वाहनतळाला जातो आणि पुढे कुंपणभिंत येते. वर वीस कुटुंबे राहतात, पण रस्त्याकडे लक्ष कोणाचेच नसते. प्रत्येक फाटकापाशी पदपथ तोडला जातो. मग वृद्ध माणसे वाहनांच्या गर्दीतून चालतात, किंवा बाहेर पडणेच सोडतात.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ साली भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. आधी गल्लीबोळ पायी हिंडून पाहावेत, अगदी मोडकळीस आलेली घरे तेवढी काढून मोकळी जागा निर्माण करावी आणि उरलेली वस्ती सुधारावी, अशी त्यांची पद्धत होती. शल्यचिकित्सक रोगट भाग तेवढाच काढतो, तसेच हे.

मात्र वारसा जपणे म्हणजे सरसकट बंदी नव्हे. २०१० च्या कायदादुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले. त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित झाला. शनिवारवाड्याभोवतीचे अनेक जुने वाडे यात अडकले. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते. पण जिथे वाडा दुरुस्तीपलीकडे गेला आहे, तिथे काय करावे? उंची, दर्शनी भाग आणि छपराची ठेवण यांचे काटेकोर नियम घालून पुनर्बांधणीची वाट खुली करणे अधिक हितावह ठरेल. रहिवासी निघून गेले, तर स्मारकाभोवती केवळ पडक्या भिंती उरतील.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिनही साजरा झाला. परंतु एका दिवसाची मोकळीक वर्षभर टिकवायची, तर सारे शासनावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही.

म्हणून पुनर्विकासाच्या करारावर सही करण्यापूर्वी केवळ वाढीव चौरस फूट मोजू नका. विकसकाला तीन गोष्टी अवश्य विचारा. तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी दुकाने वा खोल्या असतील का? फाटकापुढून पदपथ सलग, एका पातळीत जाईल का? जुनी झाडे राहतील का? आपल्या वस्तीतील दहा वर्षांचे मूल एकटे, निर्धास्तपणे शाळेत चालत जाऊ शकेल की नाही, हे या उत्तरांवर ठरणार आहे.