कलत्या ठळक अक्षराची गोष्ट

रेडिओवरून अक्षराचं रूप सांगायचं तर तुमचा तळहात उसना घ्यावा लागेल. डाव्या तळहातावर बोटानं लिहा: सहस्रकुंड. आपल्या इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा धबधबा, तोच. आता हाच शब्द जाडजूड आणि उजवीकडे कलता लिहून बघा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, कबड्डीच्या मंडपात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जे धावतं अक्षर दिसतं, ते हेच.

ते तयार कसं होतं? बहुतेक वेळा होतच नाही, ढकललं जातं. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या अक्षरकाराचा. पण त्यात साधं आणि ठळक एवढीच दोन वळणं आहेत. तिरप्याचं बटण दाबलं की संगणक सरळ अक्षरच एका बाजूला लोटतो. बारा अंशांचा कल धरला तर फूटभर उंच अक्षराचा माथा अडीच इंच उजवीकडे जातो. जे ओळीच्या वर ते उजवीकडे, जे खाली ते डावीकडे. रोमन अक्षरांचं यात फारसं बिघडत नाही. आपलं अक्षर मात्र तीन मजली: वर मात्रा-अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार. ‘कुं’मधला उकार मागे राहतो, अनुस्वार पुढे पळतो, आणि शिरोरेघ काही झालंच नाही अशी आडवी. त्यात जाडी वाढवली की ‘स्र’च्या पोटातली मोकळी जागा बुजते. मग फ्लेक्सवाला त्याला पांढरी कडा देतो, कडेला सावली देतो, आणि उरलासुरला उजेडही जातो.

जुने पेंटर हे हातानं सोडवायचे. अक्षर जाड करायचं तर शिरोरेघ बारीक घ्यायची, गाठ मोकळी ठेवायची, अनुस्वार किंचित मागे ओढायचा. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावं याच समजुतीनं काढली. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या अंगातच उतरायचा. आज ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ फॉन्ट बघा. इतका गुबगुबीत, की आतली पोकळी रेघेएवढीच उरते, तरी वाचता येतो, कारण ती रेघ कुणीतरी विचार करून ठेवलेली आहे.

कलतं ठळक अक्षर शोभतं ते तीन-चार शब्दांपुरतं. खेळ, शर्यत, सेल, गाडीचं नाव, जिथे घाई आहे तिथे. श्रद्धांजलीच्या फलकावर ते मी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. गेलेल्या माणसाला कसली घाई?

हा कल मुळात आला कुठून? छापलेलं तिरपं अक्षर जन्मलं व्हेनिसमध्ये, 1501 साली. आल्दो मानुत्सिओ या प्रकाशकानं व्हर्जिलच्या कवितेचं सुटसुटीत पुस्तक काढलं आणि फ्रांचेस्को ग्रिफोनं त्यासाठी खिळे कोरले, तेही तिथल्या विद्वानांचं झरझर हस्ताक्षर समोर ठेवून. भरदार जाडी आली तीनशे वर्षांनी, लंडनच्या लॉटरीच्या जाहिरातींत. म्हणजे तिकडच्या अक्षराचा कल हाताच्या वेगातून आला.

आपल्याकडे हात कलत नव्हता का? चांगलाच कलत होता. बोरूनं आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं जोडत जायची, ती मोडी. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत ती उजवीकडे झुकलेली दिसते. ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ ती घालत नाही, तीन मजल्यांचा बोजाही हलका करते. विल्यम कॅरीनं 1810 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला. पण पुढे निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींसारख्यांनी सगळं कसब बाळबोध देवनागरीच्या खिळ्यांत ओतलं. सुबक, ताठ, सरळ अक्षर छापखान्यात गेलं, कलतं दप्तरात राहिलं. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर छापखाने ठळक खिळे लावत, नाहीतर अवतरणचिन्हं.

आपला हा इस्लापूरचा भाग तर कलत्या लिपीचाच. 1948पर्यंत इथे निजामाची राजवट, कारभाराची भाषा उर्दू. नस्तालीक वळणात शब्द उजवीकडे उंचावर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. तिरपेपणा त्या लिपीच्या हाडातच आहे. 1956च्या राज्य पुनर्रचना कायद्यात इस्लापूरचं नाव स्वतंत्रपणे आलंय: आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल, किनवट तालुक्याबरोबर नांदेडला जोडलं. त्या एका रेघेनं हा भाग मराठीच्या बाजूला आला, आणि पलीकडे राहिली ती तेलुगूची गोल गोल अक्षरं.

आता मोडीही संगणकावर आली आहे; 2014 साली युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली. आज कुणी तरुण ठळक, कलतं देवनागरी घडवायला बसला असेल, तर त्यानं लोटायचं बटण बाजूला ठेवून पेशवे दप्तराच्या रुमालांत बांधलेल्या कागदांची छायाचित्रं मिळवावीत. वेगात असलेल्या कारकुनानं कोणता काना कलवला, कोणता ताठ ठेवला, उकाराला अक्षराच्या पोटात कसं घेतलं, हे त्यात ओळीओळीवर आहे. जाडी मग वरून चढवता येते.