प्रतीक्षेचा पुरुषार्थ
(वर्धा येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



२० ऑगस्ट १९८० रोजी राइनहोल्ड मेसनर हा गिर्यारोहक एकट्याने, नळकांड्यांतील प्राणवायूवाचून, तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला. जुलैत हिम मऊ असल्याचे पाहून तो मागे फिरला होता. पावसाळ्यात उघडीप मिळेपर्यंत त्याने काही आठवडे वाट पाहिली.

आमच्या ठायी तो धीर नव्हता. पुरेशी ओल नसता, मृगाच्या पहिल्याच सरीवर आम्ही एकदा कपाशी पेरली. पाऊस लांबला, कोंब करपले. दुबार पेरणीच्या कर्जापायी थोरल्याचे शिक्षण थांबले. उतावळेपणा आमचा, शिक्षा मात्र त्याला!

म्हणून परीक्षेत मागे पडलेल्या मुलांना आम्ही सांगतो, मागे फिरणे म्हणजे हार नव्हे. सज्ज राहून वाट पाहा. आणि पालकहो, त्यांना तेवढा अवधी द्या.